डाग भरून येईपर्यंत

विष्णुपुरीला विद्यापीठाच्या तळमजल्यावर
खिडकीला काळा कागद लावलेली खोली.
काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मी एक थेंब ठेवते.
थेंबात प्रथिन, एका मिलिलिटरला तीनशे मिलिग्रॅम,
एकतारी पाकासारखं,
नळीतून उतरायला कुरकुरणारं.

आफरीन म्हणते, एवढं दाट कामून घेतलीस?
पातळ घे, सरळ रेघ येते,
जेवणाआधी मोकळी होशील.

पातळ घेतलं होतं मी मागच्या साली.
त्यात रेणू मोकाट सुटतात,
भर दुपारी बंद बाजारात सोडलेल्या वळूसारखे.
पण जीव असा पातळ कुठं असतो, आफरीन?
आपल्या एका तांबड्या पेशीत
याहून जास्त दाटी आहे,
आणि तिथंच तर सगळी कामं चालतात.

मी लेसर एका ठिपक्यावर रोखते,
तिथली चमक जाळून टाकते.
हिरव्या उजेडात एक काळा डाग.
आता मोजायचं एवढंच
की डाग भरून यायला वेळ किती लागतो.

पातळात, पापणी लवते न लवते तोवर.
दाटात
मी डबा उघडते. भाकरी, कारळाची चटणी.
डाग तसाच.
बाहेर कुणीतरी मोटार चालू करतं, बंद करतं.
काठ जरासा मऊ पडलाय, किंवा मला तसं वाटतंय.

हलत नाहीत असं नाही.
प्रत्येक जण शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात
इकडे आपटतो, तिकडे आपटतो.
एक सरकला की मधलं पाणी बाकीच्यांना ढोसतं.
कुणी कुणाला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं.
कधीतरी फट पडते.
तेवढ्यात निसटायचं,
पुढच्या पिंजऱ्यात.

उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीच्या ओट्याखाली
मन्मथ आप्पा काटे दुरुस्त करायचे.
सोयाबीनच्या दिवसांत पोत्यांमधून वाट नसायची.
हमाल, मुनीम, हातगाड्या, मागे येणारा टेम्पो,
आणि चहाचा पेला धरून मी, चौथीतली.
पावलं मोजून वीस.
चहा पोचायचा तेव्हा त्यावर साय धरलेली.
ते हसायचे. म्हणायचे,
ढकलायचं नसतं ग लेकरा,
हालत ऱ्हायचं.

आप्पा गेले ते ऐन आवकेत.
दुसऱ्या दिवशी त्या जागेवर
कुणी पोतंसुद्धा टेकवलं नाही.
आठवड्यानं कुणाची तरी छत्री.
मग एक कुत्री व्याली.
मग उकडलेल्या शेंगा विकणारी रत्नाबाई,
तीही थोडी कडेला सरकून बसते.
परवा गेले तर हमाल अजून तिथं
पाऊल जरासं वळवत होते,
का, ते त्यांनाही माहीत नसावं.

चार वाजून दहा मिनिटं.
आलेख चढत चढत आडवा झाला.
शंभराला पोचत नाही तो.
वहीत मी लिहिते, चार टक्के परतले नाहीत.
मॅडम लाल शाईनं विचारतील, का?
मीही विचारते. उत्तर नाही आलं अजून.

पहिल्या वर्षाचा वैजनाथ दारात उभा.
मॅडम, जे जळाले ते कुठं गेले?

कुठंच नाही रे.
फक्त दिसत नाहीत.
तेही तसेच हलतायत, तेवढ्याच हळू,
डागाच्या बाहेर, उजेडवाल्यांच्या गर्दीत शिरलेत.
त्यांना वाट द्यायला
दिसणाऱ्यांना सरकावंच लागतं.

तो मान डोलावतो, समजलं नसल्यासारखी.

मोंढ्यात आत्ता तुरीचं माप चालू असेल.
कुठल्यातरी काट्याची जीभ
थरथरत मधोमध येत असेल,
आणि कुणी म्हणत असेल, बरोबर आहे, घ्या.

मी तापमान लिहिते. पंचवीस.
डब्याला झाकण लावते.
पुढचा थेंब, तीनशे चाळीस.